नवी मालमोटार केव्हा नोंदवावी?

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संघाच्या चिटणीसांनी मला या संमेलनात बोलावयास सांगितले, तेव्हा माझी कल्पना अशी की, नेहमीप्रमाणे शिक्षणावर किंवा हुंड्यावर बोलावे लागेल. परंतु त्यांनी दिलेला विषय ऐकून मी क्षणभर थबकलो. ते म्हणाले, "गुरुजी, आपल्या ज्ञातीतील तरुणांनी गेल्या काही वर्षांत जितक्या पिकअप गाड्या घेतल्या, तितकी घरेही बांधली नसतील. कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी नवा नमुना काढतात. नवा नमुना निघाला की तो लगेच नोंदवावा, की थांबावे, यावरून घराघरांत भांडणे होतात. त्यावर बोला." मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक. यंत्रशास्त्र मला येत नाही. परंतु छत्तीस वर्षे अंकगणित शिकविले आहे, आणि हा प्रश्न पुष्कळअंशी अंकगणिताचाच आहे, असे माझे मत झाल्यामुळे मी होकार दिला.

प्रथम आपल्या भागाची परिस्थिती ध्यानात घेऊ. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु मालाची ने-आण त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. केळवे-माहीमची पाने आणि केळी, डहाणू-घोलवडचा चिकू, सातपाटीचे पापलेट, वाड्याचा तांदूळ हा सारा माल मुंबईच्या पोटात जातो. त्यात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीची भर पडली. रसायने, औषधे, कापड, लोखंड यांचे कारखाने उभे राहिले आणि बोईसर हे खेडे पाहता पाहता शहर झाले. ज्यांच्या बापजाद्यांनी बैलगाडी हाकली, त्यांची मुले आज मनोरच्या रस्त्याने वाघोबा खिंड ओलांडून महामार्गाला लागतात. आमच्या लहानपणी अशा प्रत्येक गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणत. कंपनी कोणतीही असो. पुढे २००५ साली टाटांची एस आली, तिला लोकांनी 'छोटा हत्ती' हे नाव दिले. त्या हत्तीने कितीजणांना धंद्याला लावले, हे मी येथे सांगावयास नको.

आता या गाड्यांची धाव अधिक वजनाकडे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटांनी योद्धा २.० ही गाडी आणली व तीत दोन टन माल वाहता येईल असे जाहीर केले. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये महिंद्रांनी बोलेरो पिकअपची रचना बदलून 'मॅक्स पिकअप' नावाची नवी मालिका बाजारात आणली. तीत शहरासाठी हलक्या गाड्या आणि जड कामासाठी 'एच.डी.' गाड्या असे दोन वर्ग केले. भारक्षमता १.३ टनांपासून २ टनांपर्यंत, हौद्याची लांबी ३,०५० मिलिमीटरपर्यंत. आरंभीची किंमत ७ लाख ८५ हजार सांगितली गेली, आणि सुरुवातीचे २४,९९९ रुपये भरून गाडी नेता येईल अशी जाहिरात झाली. त्या आठवड्यात माझ्याकडे चार तरुण आले. चौघांच्याही भ्रमणध्वनीत त्याच गाडीचे चित्र होते.

चौघांना मी एकच प्रश्न केला : "तुझी आजची गाडी उभी आहे की चालती?" माझ्या मते साऱ्या विषयाचे मूळ येथे आहे. नवा नमुना किती चांगला आहे, हा प्रश्न दुसरा. आजची गाडी रोज भाडे मिळवून देत असेल, तर थांबण्यास काही खर्च नाही, आणि ज्यास थांबणे फुकट आहे त्याने घाई करण्याचे कारण नाही. परंतु गाडी आठवड्यातून दोन दिवस मिस्त्रीकडे उभी राहत असेल, तर प्रत्येक दिवसाची किंमत मोजावी लागते. समजा, डिझेल, चालक, टायर, सारे वजा जाऊन गाडी दिवसाला बाराशे रुपये राखते. महिन्याचे बावीस दिवस धरले तर २६,४०० रुपये होतात. तीन महिने थांबणाऱ्याने ७९,२०० रुपये घालविले. हा आकडा ज्याने कागदावर लिहिला नाही, त्याने "थांबू या" असेही म्हणू नये आणि "घेऊ या" असेही म्हणू नये.

चौघांपैकी एकजण सातपाटीचा. बंदरावरून मासळी उचलून बाजारात पोहोचविणे हा त्याचा धंदा. खारे पाणी आणि बर्फाचे पाणी यांनी त्याच्या जुन्या गाडीचा हौदा चाळणीसारखा झाला होता. पाटे बदलले होते, फाळका दोरीने बांधलेला. त्याला गाडी हवीच होती, याबद्दल वाद नव्हता. वाद होता महिन्याचा. एप्रिलअखेर नोंदविली तर मे महिन्याच्या शेवटास गाडी दारात यावयाची, आणि १ जूनपासून मासेमारीची पावसाळी बंदी. दोन महिने समुद्र बंद, होड्या किनाऱ्यावर, बर्फाचे कारखाने मंद. हप्ता मात्र जूनच्या पहिल्या तारखेपासून चालू. आठ लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांकरिता काढले तर महिन्याचा हप्ता सुमारे सतरा हजार येतो. म्हणजे एकही पापलेट न वाहता चौतीस हजार गेले! मी त्याला म्हटले, "बाबा, पैशाची तजवीज आताच कर, कागद तयार ठेव, पण गाडी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हातात घे."

या तीन महिन्यांत दुसराही एक लाभ झाला, आणि तो पैशांत मोजता येत नाही. तोवर त्याच नमुन्याच्या काही गाड्या मनोरच्या रस्त्यावर धावू लागल्या होत्या. त्याने महामार्गावरील एका हॉटेलाशी दोन संध्याकाळी थांबून तीन चालकांना गाठले. विक्रेत्याला विचारावयाचे प्रश्न वेगळे आणि चालकाला विचारावयाचे वेगळे. भरलेल्या गाडीने खिंड कोणत्या गिअरमध्ये चढते? भरल्यावर मागून डोलते का? हौद्याची उंची किती? धक्क्यावर बर्फाने भरलेला क्रेट दोन माणसांनी वर फेकावयाचा असतो, तेथे चार बोटांचा फरकही संध्याकाळपर्यंत कंबर मोडतो. आपले क्रेट आडवे किती बसतात, हे त्याने स्वतः फितीने मोजून पाहिले. छापील माहितीपत्रकात मिलिमीटर असतात, क्रेट नसतात. आणखी एक गोष्ट त्याने केली. पालघर-बोईसरमधल्या आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला त्याने विचारले की, या इंजिनाचे काम तुला येते का, आणि याचे सुटे भाग बाजारात मिळू लागले का. नव्या नमुन्याच्या पहिल्या काही महिन्यांत सुटे भाग बहुधा कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेतच मिळतात. तेथे गाडी दोन दिवस रांगेत राहिली, तर मासळी कोणासाठी थांबत नाही.

यावरून नवा नमुना मुळीच घेऊ नये, असे मी सुचवितो असा अर्थ कोणी काढू नये. काही वयस्क बांधव म्हणतात, "पहिल्या वर्षी घ्यावयाचीच नाही, दोष निघू द्यावेत." हे म्हणणे अर्धे खरे आहे. सगळ्यांनीच तसे ठरविले तर दोष निघणार कोणाच्या गाडीत? आणि दुसरे असे की, नवा नमुना निघाला म्हणजे जुन्याची पुनर्विक्रीची किंमत उतरते. म्हणून ज्याला जुनी गाडी विकून नवी घ्यावयाची आहे, त्याचे थांबण्याने दोन्हीकडून नुकसान होऊ शकते. ज्याला एकच गाडी आहे आणि तिच्यावर पाचजणांचे घर चालते, त्याने मात्र निदान एक पावसाळा त्या नमुन्याने पाहिल्यावर हात घालावा. ज्याच्या दारात तीन गाड्या आहेत, त्याने खुशाल पहिल्या महिन्यात एक घ्यावी. ती उभी राहिली तर दुसऱ्या दोन चालतील.

आता सरकारी तारखांकडे वळतो. नव्या नमुन्यांची वेळ पुष्कळदा कंपनीपेक्षा कायदाच ठरवितो, हे आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. धुराच्या नियमांना 'भारत स्टेज' म्हणतात. १ एप्रिल २०१७ पासून चौथा टप्पा सुरू झाला. त्याआधी तीनच दिवस, २९ मार्च रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तिसऱ्या टप्प्याच्या गाड्या १ एप्रिलनंतर विकण्यास मनाई केली, आणि ३० व ३१ मार्चला विक्रेत्यांनी मिळेल त्या किमतीला गाड्या विकल्या. ज्यांच्या गाठी त्या दोन दिवशी पैसा होता आणि ज्यांचे कागद त्याच दिवशी पुरे झाले, त्यांना ती गाडी खरोखरच स्वस्त पडली. ही आठवण लोकांच्या डोक्यात पक्की बसली, आणि तिनेच पुढे घात केला.

पुढचा, म्हणजे सहावा टप्पा १ एप्रिल २०२० पासून होता. पाचवा गाळला होता. चौथ्या टप्प्याच्या गाड्या ३१ मार्च २०२० नंतर विकावयाच्या नाहीत, हे न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगून ठेवले होते. बोईसरच्या आपल्या एका बांधवाने २०१७ची आठवण मनात धरून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाट पाहिली. सवलत चांगली मिळाली. पैसे भरले. गाडी हाती आली, आणि २५ मार्चला सारा देश टाळेबंदीत गेला. परिवहन कार्यालय बंद. नोंदणी राहिली. २७ मार्चला न्यायालयाने टाळेबंदी उठल्यावर दहा दिवसांची मर्यादित सवलत दिली, परंतु ८ जुलैला ती मागे घेतली. जुलैअखेर नोंदणीवर पुन्हा स्थगिती आली. शेवटी १३ ऑगस्टला न्यायालयाने ठरविले की, ३१ मार्चपूर्वी विकलेल्या व सरकारच्या वाहन प्रणालीवर नोंद चढलेल्या गाड्यांची नोंदणी होऊ द्यावी. त्याच्या सुदैवाने विक्रेत्याने ती नोंद वेळेवर चढविली होती. परंतु साडेचार महिने नवी कोरी गाडी ताडपत्रीखाली अंगणात उभी होती. बँकांनी त्या काळात हप्ते पुढे ढकलू दिले, हे खरे. व्याज मात्र कोणी ढकलले नाही. त्याची आई रोज सकाळी त्या ताडपत्रीवरील पाणी झाडीत असे. त्या घरात त्या महिन्यांत काय बोलणे होत असेल, याची कल्पना आपण करू शकता.

२०१७ साली जे सवलतीचे दोन दिवस होते, ते २०२० साली फासाचे दिवस ठरले. फरक कशात? माझ्या मते कागदात. गाडीची खरेदी विक्रेत्याच्या पावतीवर पुरी होत नाही. ती नोंदणीच्या क्रमांकावर पुरी होते. एम.एच. ४८ लागला की गाडी आपली. तोवर ती लोखंडाचा ढीग आहे.

२०२५ सालची हकिकत तर ताजी आहे आणि आपल्यापैकी अनेकांस तिचा अनुभव आहे. त्या वर्षी आपल्या राज्य सरकारने हलक्या मालवाहू गाड्यांवर किमतीच्या सात टक्के एकरकमी कर ठरविला व तो १ जुलैपासून लागू झाला. दहा लाखांच्या गाडीवर सत्तर हजार. पूर्वीच्या मानाने हा बोजा बराच अधिक. साहजिकच मे आणि जून महिन्यांत "जुलैच्या आत घ्या" अशी धावपळ झाली. ज्यांनी घेतली त्यांनी स्वतःला शहाणे समजावे, तोच १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून वस्तु व सेवा कर कमी होणार असल्याचे सूतोवाच झाले. ३ सप्टेंबरला परिषदेची बैठक झाली, मालवाहू गाड्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि २२ सप्टेंबरपासून तो अमलात आला.

हिशेब मांडून पाहू. करापूर्वी आठ लाखांची गाडी. २८ टक्क्यांनी ती १० लाख २४ हजारांस पडे. १८ टक्क्यांनी ९ लाख ४४ हजारांस. फरक ८० हजारांचा. पाच वर्षांच्या कर्जात हा फरक हप्त्याला सुमारे सतराशे रुपये होतो. आता ज्याच्याकडे गाडीच नव्हती, त्याने १५ ऑगस्टपासून २२ सप्टेंबरपर्यंत अडतीस दिवस थांबावयाचे म्हटले, तर रविवार सोडून बत्तीस दिवस, दिवसाला बाराशेप्रमाणे ३८,४०० रुपये बुडाले. तरीही ४१,६०० रुपये शिल्लक राहतात. अर्थात १५ ऑगस्टला मालवाहू गाडीचा दर किती उतरणार, हे कोणासच ठाऊक नव्हते. ते ३ सप्टेंबरला कळले. त्यानंतर थांबणे हे शहाणपण होते. त्यापूर्वी थांबणे हा अंदाज होता. दोहोंत भेद करावयास शिकले पाहिजे. मी वर्गात मुलांना सांगत असे की, उत्तर बरोबर आले तरी रीत चुकली असेल तर गुण पुरे मिळणार नाहीत.

येथे एक गोष्ट बजावून सांगतो. या कराच्या कपातीचा लाभ सर्वांस सारखा नव्हता. ज्याची त्या करात नोंदणी आहे आणि जो भाड्यावर कर लावून गाडीवर भरलेला कर वळता करून घेतो, त्याला २८ काय आणि १८ काय, वळता होणारच. त्याचा प्रश्न फक्त काही महिने पैसा गुंतून पडण्याचा. परंतु चिकूच्या बागाईतदाराला किंवा कोळीवाड्यातील एकट्या गाडीवाल्याला तो कर वळता होत नाही. त्याच्या खिशातून गेलेले ८० हजार गेलेच. बोईसरचा एक कंत्राटदार बांधव जुलैत गाडी घेऊन निश्चिंत होता, ते पाहून त्याच्या घोलवडच्या मेहुण्यानेही घेतली. मेहुण्याचा हिशेब वेगळा होता.

तसेच, "मी ऑगस्टमध्येच नोंदवून अनामत भरली आहे, म्हणजे भाव ठरला," असे समजणारे पुष्कळ भेटतात. नोंदणीपत्रकाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत काय लिहिलेले असते, ते वाचीत चला. गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी जी किंमत आणि जो कर असेल तो लागेल, असेच बहुधा लिहिलेले असते. किंमत उतरली तर हे कलम आपल्या हिताचे, चढली तर विरुद्ध. अनामत परत मिळेल का, किती दिवसांत मिळेल, हे लेखी घ्यावे. तोंडी शब्दावर गाडी नोंदविण्याचे दिवस आमच्या वडिलांच्या काळी होते. तेव्हा स्कूटरसुद्धा नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि विक्रेत्याशी भांडण्याची सोयच नसे. आज तशी टंचाई नाही. मग भिडस्तपणा कशाला?

आता मुहूर्ताविषयी. २०२५ साली २२ सप्टेंबरलाच घटस्थापना होती आणि आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. पितृपक्षात खरेदी नको म्हणून थांबलेल्यांना कर-कपातीचा लाभ आपोआप मिळाला, आणि आमच्या गावच्या एका आजीबाईंनी सरकारनेही पंचांग पाहिले असे सर्वांस ठणकावून सांगितले. दसऱ्याला गाडीला हार घालावा, यास माझी हरकत नाही. परंतु दसऱ्याच्या दिवशी विक्रेत्याच्या अंगणात पन्नास गाड्या उभ्या असतात, पेढे वाटले जातात, छायाचित्रे निघतात, आणि गाडी खालून वाकून कोणी पाहत नाही. माझी सूचना अशी की, गाडी दोन दिवस आधी जाऊन उजेडात पाहून घ्यावी. उत्पादनाचा महिना आणि वर्ष कागदावर असतो, तो वाचावा. डिसेंबरात मिळणारी सवलत कशाची असते? एका महिन्यात ती गाडी 'गेल्या वर्षाची' होणार असते, त्याची. जो ती गाडी झिजेपर्यंत वापरणार, त्याने ती सवलत जरूर घ्यावी. चार वर्षांनी विकणाऱ्याला ती रक्कम विकताना परत द्यावी लागेल.

जड गाडीच हवी का, हाही विचार व्हावा. दोन टनांची गाडी रोज दोन टन वाहील, तरच तिचा जादा हप्ता फिटतो. घोलवडहून चिकूच्या पेट्या आणि बोईसरहून लोखंडी सांधे, दोहोंचे वजन सारखे नाही. चिकूने हौदा आधी भरतो आणि वजन नंतर. अशा मालास लांबी हवी, टन नकोत. तुमच्या गेल्या वर्षीच्या वजनकाट्याच्या पावत्या काढा, बेरीज करा. तीन दिवसांतून एकदा जादा वजन लागत असेल, तर त्या दिवसापुरती भाड्याची गाडी परवडते.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो बोलताना थोडा संकोच होतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ आपल्या पालघरात झाला. किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांचा त्या बंदरास विरोध आहे आणि त्यांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच किनाऱ्यावरील काही घरांत दुसरे बोलणे चालते : बंदर येणार, कामे निघणार, आताच गाडी घेऊन ठेवू. द्रुतगती मार्गात, बुलेट ट्रेनमध्ये, मालवाहू रेल्वेमार्गात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्याकडे मोबदल्याची रक्कम आलेली आहे. कित्येकांनी पहिली वस्तू घेतली ती गाडी. जमीन पणजोबांपासून चालत आली होती. गाडी फार तर बारा-पंधरा वर्षे चालेल. अणुऊर्जा प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरण येथील लोक उठले, त्यांच्याकडे जाऊन विचारा की आलेला पैसा किती वर्षे पुरला. काम हातात, लेखी, निदान एका वर्षाचे असेल, तर त्यावर गाडी घ्या. कामाच्या बातमीवर घेऊ नका. २०२४ साली महामार्गाच्या काँक्रीटीकरणात घोडबंदरपासून गाड्या तासन् तास अडकत, तेव्हा दोन खेपांच्या जागी एकच होऊ लागली होती. हप्ता मात्र दोन खेपांचा धरला होता. अशी घरे मला ठाऊक आहेत.

चालकांबाबत एक बातमी चांगली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, हलक्या मोटारीचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी वेगळ्या शिफारशीवाचून चालविता येते. अपघातानंतर विमा कंपनी या कारणाने पैसे नाकारील, ही धास्ती त्यामुळे उरली नाही.

चिटणीसांच्या संमतीने आणखी एक सांगतो. संमेलन आटोपल्यावर मी सभागृहाच्या मागील खोलीत पाच वाजेपर्यंत बसणार आहे. ज्यांना गाडी घ्यावयाची आहे, त्यांनी जुन्या गाडीची दुरुस्तीची बिले, वजनकाट्याच्या पावत्या आणि बँकेने किंवा पतपेढीने दिलेला कर्जाचा कागद, एवढे घेऊन यावे. जाहिरातीचे चित्र आणू नये. आणि शक्य असेल तर घरातील ज्या बाईच्या हाती खर्चाची वही असते, तिला बरोबर आणावे. माझ्या अनुभवात बारीक अक्षरे तीच आधी वाचते.